जुन्या पेट्रोल जीपचा स्पार्क कमजोर पडलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या पेट्रोल जीप, विशेषतः २.२ लिटरच्या चार सिलिंडर हरिकेन इंजिनाची उंच बॉनेटवाली सीजे-३बी, आजही कोकणात, मावळात, घाटमाथ्यावर चालताना दिसतात. त्यांचं इग्निशन साधं आहे: बॅटरी, चावी, कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणारी), पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा संपर्क), कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क एकेका सिलिंडरला वाटणारा), वायरी, प्लग. खालची उत्तरं या पॉइंटवाल्या इग्निशनसाठी आहेत. ठिणगी बारीक झाली की बहुतेक जण आधी कॉइल विकत आणतात. खरा दोष मात्र बहुतेक वेळा कॉइलच्या अलीकडे, बारा व्होल्टच्या बाजूला असतो, आणि तो शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो.

स्पार्क कमजोर आहे हे नक्की कसं ओळखायचं?

चांगला स्पार्क निळसर-पांढरा आणि जाडसर असतो, आणि "चट्" असा स्पष्ट आवाज करतो. कमजोर स्पार्क नारिंगी किंवा पिवळट, दोऱ्यासारखा बारीक आणि जवळजवळ मुका असतो. उन्हात रंग कळत नाही, म्हणून सावलीत किंवा संध्याकाळी बघा.

नुसता प्लग काढून ब्लॉकला टेकवून पाहणं पुरेसं नाही. उघड्या हवेत पाऊण मिलिमीटरची फट ओलांडायला फार कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे बाहेर दिसणारी ठिणगी आत गेल्यावर गायब होऊ शकते. जीप सपाटीवर बरी चालते आणि चढावर लोड आला की मिसिंग मारते, ते याचमुळे.

म्हणून मोठ्या फटीवर तपासा. जुन्या प्लगचा बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड कापून टाका. मधल्या इलेक्ट्रोडपासून बाहेरच्या कड्यापर्यंतची फट साधारण ५-६ मिलिमीटर होते. हा प्लग जंप वायरच्या क्लिपने ब्लॉकला पक्का अर्थ करा, लीड लावा आणि सेल्फ मारा. एवढी फट ठिणगी प्रत्येक वेळी न चुकता ओलांडत असेल तर स्पार्क ठीक आहे.

लीड हातात धरून तपासू नका. शॉक तर बसतोच, पण हात झटकला जाऊन पंख्यात जाण्याचा धोका मोठा आहे. कार्बोरेटर गळत असेल किंवा आसपास पेट्रोलचा वास असेल तर ही चाचणी करूच नका. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चालू इग्निशनपासून लांब राहावं.

तपासायला सुरुवात कुठून करायची?

आधी दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते ठरवा. डिस्ट्रिब्यूटर कॅपच्या मधोमध येणारी कॉइलची मुख्य लीड काढा, ती चाचणीच्या प्लगला लावा आणि सेल्फ मारा.

इथे स्पार्क दणदणीत आहे, पण प्लगच्या लीडवर कमजोर आहे, तर दोष कॅप, रोटर (कॅपखाली फिरत स्पार्क वाटणारा तुकडा) किंवा प्लग वायरींत. इथेच कमजोर असेल तर कॅप आणि रोटरकडे बघायची गरज नाही. दोष कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा त्यांना मिळणाऱ्या विजेत आहे. ही मुख्य लीडसुद्धा एकदा बदलून बघा. टोकाला आत हिरवी बुरशी चढलेली तांब्याची तार बाहेरून दिसत नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग सगळं एकदम बदललं आणि गाडी सुधारली तर काय बिघडलं होतं ते कळत नाही. सुधारली नाही तर जुन्या दोषात नव्या पार्टचा दोष मिसळला का, तेही कळत नाही.

कॉइलपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतंय का, ते कसं मोजायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कॉइल चालू असताना साधारण ३ ते ४ अँपिअर करंट ओढते. वाटेत एखाद्या गंजलेल्या थिंबलने (वायरीच्या टोकाच्या कडीने) किंवा चावीच्या झिजलेल्या संपर्काने दोन व्होल्ट खाल्ले तर कॉइलमधला करंट त्या प्रमाणात घटतो. साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ठिणगी त्याहून जास्त घटते. करंट वीस टक्क्यांनी कमी झाला तर ऊर्जा जवळजवळ छत्तीस टक्क्यांनी कमी होते.

मोजमाप पॉइंट बंद असताना घ्यायचं. पॉइंट उघडे असतील तर करंट वाहत नाही आणि खराब जोडसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प लावून "करंट येतोय" म्हणणारे इथेच फसतात. कॅप काढा, दांडीने इंजिन हळू फिरवा आणि पॉइंट पूर्ण मिटले की थांबा. चावी चालू करा. मग क्रमाने:

१. बॅटरीच्या दोन पोलवर: बारा व्होल्टची चार्ज झालेली बॅटरी, काही चालू नसताना, १२.६ च्या आसपास.

२. कॉइलच्या प्लस टर्मिनलपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारं व्होल्टेज कमी करणारा रोध) नसलेल्या गाडीत बॅटरीपेक्षा फार तर अर्धा व्होल्ट कमी. बॅलास्ट असेल तर ६ ते ८ व्होल्ट बरोबर आहेत, घाबरू नका.

३. कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: ०.२ व्होल्टच्या आत. जास्त असेल तर पॉइंट जळलेले, डिस्ट्रिब्यूटरमधली तार खराब किंवा अर्थ ढिला.

४. डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: जवळजवळ शून्य, ०.१ च्या आत.

दुसरं मोजमाप कमी आलं तर वायरीच्या मागे मागे जा: चावीची दोन्ही टर्मिनलं, डॅशबोर्डच्या मागे अँमीटरचे दोन नट, सेल्फच्या सोलेनॉइडवरचा (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचवरचा) जोड. कोणत्या दोन टोकांत व्होल्ट पडतात ते सापडलं की दोष सापडला. जीपच्या अँमीटरमागचे नट वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी ढिले होतात. ते घट्ट करण्याआधी बॅटरीची अर्थ काढा, कारण तिथली वायर बॉडीला लागली तर मोठा शॉर्ट होतो.

मोजून झालं की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले ठेवून चावी पाच-दहा मिनिटं चालू राहिली तर चांगली कॉइलही तापून खराब होते.

मीटर हाताशी नसेल तर बॅटरीच्या प्लसपासून थेट कॉइलच्या प्लसला एक जाड वायर लावून सेल्फ मारा. स्पार्क लगेच जाड झाला तर दोष चावी, अँमीटर किंवा वायरीत आहे. बॅलास्टवाल्या कॉइलला ही वायर काही सेकंदच लावा. आणि या वायरवर इंजिन सुरू झालं तर चावीने बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल.

सेल्फ मारताना स्पार्क नाही, पण धक्का मारला की गाडी सुरू होते. का?

सेल्फ सगळी वीज ओढून घेतो आणि कॉइलसाठी उरत नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर मीटर ठेवा. बारा व्होल्टच्या गाडीत ९.५ च्या खाली आणि सहा व्होल्टच्या गाडीत ४.८ च्या खाली गेलं तर बॅटरी, तिच्या केबल किंवा स्वतः सेल्फ यापैकी काहीतरी दमलंय. सहा व्होल्टच्या जीपला जाड केबल लागतात. बारा व्होल्टची बारीक केबल लावली की हा त्रास हमखास.

इंजिन आणि चॅसीमधली अर्थ पट्टीही बघा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि बॅटरीची अर्थ बऱ्याच जीपमध्ये चॅसीला असते. पट्टी तुटली किंवा इंजिन उतरवल्यावर परत लावायची राहिली तर करंट चोकच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या तारांतून वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर दुसरं काही तपासायची गरज नाही.

बॅलास्टवाल्या व्यवस्थेत सेल्फ मारताना बॅलास्टला वळसा घालून कॉइलला पूर्ण व्होल्टेज देणारी वेगळी वायर सोलेनॉइडवरून येते. सोलेनॉइड बदलताना ती बऱ्याचदा लटकत राहते.

पॉइंट खराब झाले हे बघून कळतं का? घासून वापरले तर चालतील?

कळतं. भिंग घ्या आणि पॉइंट पूर्ण उघडून दोन्ही तोंडं बघा. निरोगी पॉइंट राखाडी आणि मळकट दिसतात. चकचकीत असायलाच हवेत असं नाही. निळसर आणि जळके असतील तर कंडेन्सर निकामी झालाय किंवा कॉइलला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतंय. एका तोंडावर टेकडी आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा असेल तर कंडेन्सरची क्षमता जुळत नाही. भोवती काळं, तेलकट कडं दिसलं तर कॅमला ग्रीस जास्त झालंय किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या बुशमधून तेल वर येतंय. सहा-आठ महिने उभ्या राहिलेल्या गाडीत, खास करून पावसाळ्यानंतर, तोंडावर नुसता न दिसणारा थर बसतो. पॉइंट अगदी नवे दिसतात आणि करंट जात नाही.

उभ्या गाडीचा थर काढायला थिनरमध्ये बुडवलेला जाड कागद दोन-तीनदा ओढला की पुरे. रस्त्यात अडकलात तर बारीक पॉइंट फाईल चालेल. पॉलिश पेपरने घासणं टाळा. त्याचे कण तोंडात रुततात आणि पॉइंट आणखी लवकर जळतात. टेकडी-खड्डा झालेले पॉइंट बदला. त्यांच्यात फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातली तर ती टेकडीवर टेकते आणि गॅप खोटा दाखवते.

पॉइंटचा गॅप किती ठेवायचा आणि कसा?

मूळ ऑटोलाइट डिस्ट्रिब्यूटरला ०.०२० इंच, म्हणजे ०.५ मिलिमीटर. आपल्याकडे अनेक गाड्यांना नंतर लुकास-टीव्हीएसचा डिस्ट्रिब्यूटर बसवलेला असतो. त्याला साधारण ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. आधी डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीवरची पट्टी वाचा. जीप आहे म्हणून जीपचा आकडा, असं करू नका.

कॅप आणि रोटर काढा. चारही प्लग काढले तर इंजिन दांडीने हलकं फिरतं. पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या चार कोपऱ्यांपैकी एकाच्या बरोबर टोकावर येईपर्यंत फिरवा. लॉक स्क्रू थोडा सैल करा, अ‍ॅडजस्टिंग स्क्रूने प्लेट सरकवा. गेज किंचित अडखळत सरकली पाहिजे, ढकलावी लागू नये. लॉक स्क्रू आवळा आणि परत मोजा, कारण आवळताना गॅप हमखास बदलतो. मग उरलेल्या तीन टोकांवरही मोजा. टोकाटोकांत ०.००२ इंचापेक्षा जास्त फरक असेल, किंवा शाफ्ट बोटांनी आडवा हलवल्यावर गॅप बदलत असेल, तर डिस्ट्रिब्यूटरचं बुश झिजलंय. अशा डिस्ट्रिब्यूटरमध्ये कितीही महाग पॉइंट टाका, चार सिलिंडरना चार वेगळे स्पार्क मिळणार. टर्नरकडून नवं बुश घालून घेणं हाच उपाय.

गॅप जास्त झाला तर पॉइंट कमी वेळ बंद राहतात आणि कॉइल पुरती भरत नाही. वरच्या आरपीएमला आधी त्रास दिसतो. गॅप कमी झाला तर पॉइंट उघडताना आपसातच ठिणगी मारतात, आणि तो त्रास सुरू करताना व स्लोवर आधी दिसतो. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारा) असेल तर ऑटोलाइटसाठी ४२ अंश. चालू इंजिनावर मोजल्याने झिजलेल्या बुशचा डगमगही त्यात दिसतो, म्हणून फिलरपेक्षा तेच मोजमाप भरवशाचं.

कॅमला आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढंच ग्रीस लावा. नवी फायबर टाच सुरुवातीला लवकर झिजते आणि गॅप आपोआप कमी होतो. पहिल्या चारपाचशे किलोमीटरनंतर परत मोजा.

गॅप बदलल्यावर टायमिंग परत लावावं लागतं का?

हो, दर वेळी. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. कमी झाला की मागे पडतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलटा क्रम चालत नाही.

या इंजिनाचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एक नंबर रेडिएटरकडचा. वरून पाहिल्यावर रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून कॅपवर वायरीही त्याच दिशेने १, ३, ४, २ अशा लावायच्या.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवा. कम्प्रेशनचा दाब अंगठ्याला लागला की हळू पुढे नेत मार्क पॉइंटरसमोर आणा. मार्क इंजिनाप्रमाणे पुढच्या पुलीवर किंवा फ्लायव्हीलच्या खिडकीत असतो. कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टर्मिनलला आणि अर्थला बारा व्होल्टचा छोटा बल्ब लावा, चावी चालू करा. डिस्ट्रिब्यूटर सैल करून रोटर फिरतो त्या दिशेला थोडा वळवा, म्हणजे पॉइंट मिटून बल्ब विझेल. मग उलट दिशेला सावकाश वळवत या. बल्ब ज्या क्षणी पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडतात. तिथेच आवळा.

कंडेन्सर नेमकं काय करतो? त्याने स्पार्क कमी होतो का?

होतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळ हाच घालतो. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला करंट थांबायला तयार नसतो आणि उघडत्या फटीतून ठिणगी बनून वाहत राहतो. कंडेन्सर तो झटका क्षणभर स्वतःत घेतो. त्यामुळे पॉइंटमध्ये ठिणगी पडत नाही, कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि प्लगला जोरदार व्होल्टेज मिळतं. कंडेन्सर आतून तुटला की चुंबकत्व रेंगाळत कोसळतं, स्पार्क नारिंगी होतो आणि पॉइंट निळे पडतात. तो आतून शॉर्ट झाला तर स्पार्कच नाही.

क्षमता मोजता येणाऱ्या मीटरवर ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरॅडच्या आसपास दिसली पाहिजे. पण थंड कंडेन्सर मीटरवर चांगला दिसूनही गरम झाल्यावर गळू शकतो. म्हणून खात्रीचा दुसरा कंडेन्सर तात्पुरता लावून बघणं उत्तम. तो आत बसवायचीही गरज नाही. जुन्याची वायर सोडवा, नव्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टर्मिनलला लावा आणि त्याची बॉडी क्लिपने अर्थ करा. चालू इंजिनात अंधारात पॉइंटकडे बघितलं तर चांगल्या कंडेन्सरवर बारीक, अधूनमधून ठिणगी दिसते. सतत पांढरा-निळा लोळ दिसला तर कंडेन्सर गेला.

बाजारात नवे कंडेन्सर पहिल्याच दिवशी खराब निघतात. जुना चांगला चालणारा कंडेन्सर "किटमध्ये नवा आला" म्हणून फेकू नका, टूलबॉक्समध्ये ठेवा.

नवे पॉइंट-कंडेन्सर टाकले आणि स्पार्क आधीपेक्षा कमी झाला किंवा गेलाच. आता?

नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो थिनरने पुसा. मग डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या टर्मिनलकडे बघा. तिथे पॉइंटची पत्ती, कंडेन्सरची वायर आणि बाहेरची वायर तिन्ही एकमेकांना लागल्या पाहिजेत, पण बॉडीला नाही. प्लास्टिकचं बुश किंवा वॉशर उलटसुलट बसलं की सगळं अर्थ होतं. पॉइंट उघडे असताना या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत मीटरने सलगता तपासा. सलगता दिसली तर चूक इथेच आहे. आतली लवचिक वायरही नीट वळवा. ती फिरत्या कॅमला किंवा कॅपच्या कडेला घासली तर काही दिवसांनी सालपट निघून अधूनमधून शॉर्ट होईल.

कॉइल खराब आहे हे कसं ठरवायचं?

सगळ्या वायरी काढून मोजा. बॅलास्टशिवाय चालणाऱ्या बारा व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी, म्हणजे दोन छोट्या टर्मिनलांतला, रोध साधारण ३ ते ३.५ ओहम. बॅलास्टवाल्या आणि सहा व्होल्टच्या कॉइलचा १ ते १.५ ओहमच्या आसपास. प्लसपासून मधल्या मोठ्या भोकापर्यंत सेकंडरी साधारण ६ ते १२ हजार ओहम. हे आकडे बरोबर असूनही कॉइल आत गळत असू शकते, पण आकडे चुकले तर ती नक्की गेली. तोंडाच्या बेकलाइटवर केसासारखी काळी रेघ किंवा तेलाचा ओघळ दिसला तरी बदला. हाताला गरम लागते म्हणून कॉइल खराब ठरत नाही.

कॉइल तुमच्या गाडीचीच आहे का, तेही बघा. सहाची जीप बारा व्होल्टवर नेताना सहाची कॉइल तशीच राहिली तर स्पार्क सुरुवातीला जोरदार दिसतो आणि पॉइंट काही दिवसांत जळतात. बॅलास्ट नको असलेल्या कॉइलला बॅलास्ट लावलं तर स्पार्क अर्धमेला होतो.

शेवटी दिशा. जीप मायनस अर्थची आहे, म्हणून कॉइलचं मायनस डिस्ट्रिब्यूटरकडे गेलं पाहिजे. उलट लावलं तरी गाडी चालते, पण प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि लोडवर मिसिंग येतं. प्लस-मायनस ऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेली जुनी लुकास कॉइल पॉझिटिव्ह अर्थ गाड्यांसाठी बनलेली असते. मायनस अर्थ जीपमध्ये तिचं एसडब्ल्यू डिस्ट्रिब्यूटरकडे आणि सीबी चावीकडे न्यायचं.

मुख्य लीडवर स्पार्क चांगला, पण प्लगवर नाही. कॅप, रोटरमध्ये काय बघायचं?

आधी रोटर. मुख्य लीड रोटरच्या पितळी पट्टीपासून ५-६ मिलिमीटरवर टांगा, चावी चालू करा आणि पॉइंट हाताने उघड-मीट करा. लाकडी काडी वापरा, पॉइंटला बोट लावू नका, तिथेही दोन-तीनशे व्होल्टचा झटका असतो. रोटरवर दर वेळी ठिणगी उडी मारत असेल तर ती रोटरमधून आरपार शाफ्टला जातेय. खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं जळकं भोक सापडेल. मधली पट्टी रिव्हेटने बसवलेल्या काही स्वस्त रोटरमध्ये हा दोष जास्त दिसतो.

कॅपमध्ये मधला कार्बन स्प्रिंगवर वरखाली होतो का ते दाबून बघा. आतल्या भिंतीवर दोन पितळी टोकांच्या मधून पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ असेल तर तो कार्बनचा रस्ता आहे. तो खरवडून काही दिवस चालतं, मग परत तयार होतो. कॅप बदला.

वायरींसाठी अंधारात बॉनेट उघडून इंजिन स्लोवर ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचं बारीक तुषार मारा. गळक्या वायरीवर निळी नाचरी ठिणगी दिसेल. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीचा रोध फुटामागे काही हजार ओहम असतो, तांब्याच्या वायरीचा जवळजवळ शून्य. एखाद्या वायरीचा बाकीच्यांपेक्षा खूप वेगळा आला तर ती बदला.

पावसात किंवा ओढ्यातून गेल्यावर बंद पडते, वाळल्यावर चालू होते. काय करावं?

पाणी कॅपच्या आत दमटपणा करतं आणि करंट कार्बनच्या रेघांवरून पळतो. कॅप काढून सुती कापडाने पुसा, पाणी घालवणारा स्प्रे मारा, कॅपच्या कडेचं सील आणि कॉइलच्या भोकातलं रबर बसवा. चढत्या पाण्यात जायच्या आधी पंख्याचा बेल्ट सैल करून काढला तर पंखा डिस्ट्रिब्यूटरवर पाणी उडवत नाही. पलीकडे गेल्यावर लगेच परत चढवा, नाहीतर इंजिन तापेल. कॅपला सिलिकॉनने पूर्ण बंद करू नका. आतला दमट आतच राहतो.

गरम झाल्यावर घाटात बंद पडते. कॉइल का?

पॉइंट-कंडेन्सर-कॉइलचा दोष गरमीत वाढतो, पण उन्हाळ्यात घाटात व्हेपर लॉकचीही (पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्याची) शक्यता तेवढीच. गाडी बंद पडली त्याच क्षणी, थंड होऊ न देता, मुख्य लीडवर स्पार्क बघा. जाड निळा स्पार्क मिळाला तर इग्निशन सोडा आणि पेट्रोल पंप व पाइपकडे वळा. बारीक किंवा नसलेला स्पार्क मिळाला तर आधी दुसरा कंडेन्सर लावून बघा. नाहीच चाललं तर कॉइल.

प्लग कोणता आणि गॅप किती?

१४ मिलिमीटर चुडीचा, ३/८ इंच लांबीचा. चॅम्पियनचा जे-८ हा मूळ नंबर. गॅप ०.०३० इंच, म्हणजे ०.७५ मिलिमीटर. लांब चुडीचा प्लग घालू नका, तो आत पुढे येतो. गॅप वाढवून स्पार्क "मोठा" होत नाही. कमजोर कॉइलला तो ओलांडताच येत नाही.

इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का?

पॉइंटच्या जागी बसणारं हे किट बसवता येईल, पण दोष झाकायला नको. ज्या गाडीत कॉइलला नऊच व्होल्ट मिळतात त्या गाडीत किट पॉइंटपेक्षा लवकर हार मानतं. किटला पूर्ण व्होल्टेज, योग्य रोधाची कॉइल आणि बरोबर पोलॅरिटी लागते. उलट वायर लावली की काही किट त्याच क्षणी जळतात. इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवणं हेही काहींना चालत नाही. दूरच्या वाटेला किट असलं तरी टूलबॉक्समध्ये लावून तयार ठेवलेली पॉइंट-कंडेन्सरची प्लेट असू द्या.

माझ्या जीपला नंतर डिझेल इंजिन टाकलंय. यातलं काय लागू?

काहीच नाही. डिझेल दाबाने तापलेल्या हवेत स्वतः पेटतं. तिथे स्पार्क नसतो.

स्पार्क आता जाड आणि निळा आहे, तरी सुरू होत नाही. मग?

प्लग काढून बघा. ओले असतील तर पेट्रोल जास्त होतंय: चोक, फ्लोट किंवा नीडल. कोरडे असतील तर पेट्रोल पोचतच नाही. वायरींचा क्रम १-३-४-२ परत मोजा. डिस्ट्रिब्यूटर १८० अंश उलटा बसला तर स्पार्क उत्तम असूनही गाडी फक्त कार्बोरेटरमधून फटकारे मारते. हे सगळं बरोबर असेल तर कम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, सेल्फने पाच-सहा फेरे मारा. सिलिंडरांत १० पीएसआयपेक्षा जास्त फरक आला तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.